मदत हवी आहे: डीबगएफएस या फाइलसिस्टिम तपासायच्या टूलमध्ये खोडलेली नावं दिसतात, फायली मिळत नाहीत

नमस्कार मंडळी, घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या लिनक्स मशीनवरच्या पावत्या कुणीतरी उडवल्यात. पार्टिशन ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम). लगेच अनमाउंट करून डीडी कमांडने त्याची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज घेतली, प्रयोग त्या इमेजवरच चाललेत.

डीबगएफएसमध्ये 'एलएस -डी' दिलं की खोडलेली नावं आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) क्रमांकासकट दिसतात. (फोल्डरच्या यादीतल्या आधीच्या एंट्रीची लांबी वाढवून खोडलेली एंट्री तिच्या पोटात घालायची, ही युक्ती मात्र भारी!) पण त्या आयनोडवर 'स्टॅट' केलं तर साइझ शून्य, एक्स्टेंट (डेटा डिस्कवर कुठे आहे त्याचे पत्ते) कोरे. खोडलेल्या आयनोडची यादी देणारी 'एलएसडेल' तर काहीच दाखवत नाही. फोटोरेक या रिकव्हरी टूलने पीडीएफ निघतात, पण नावांशिवाय. आणि ऑडिटरला फ्लॅटनिहाय हव्यात.

'लॉगडंप -आय'ने जर्नलमधली (फाइलसिस्टिमच्या बदलांच्या नोंदवहीतली) आयनोडची जुनी प्रत काढून ब्लॉक कुणी शोधलेत का? ठाण्यातलं कुणी बसून दाखवणार असेल तर मामलेदारची मिसळ माझ्याकडून.