टूरिंग मोटरसायकलच्या फेअरिंगचे तुटलेले कान आणि तडा गेलेला स्टे : दुरुस्तीचा क्रम कसा असावा?

प्रश्न (कोल्हापूर)

नमस्कार. माझ्याकडे पूर्ण फेअरिंग (गाडीचा पुढचा व बाजूचा भाग झाकणारी प्लॅस्टिकची पॅनेल्स) असलेली जुनी टूरिंग मोटरसायकल आहे. पावसाळ्यात आंबोली घाटात साइड स्टँडखालची माती खचल्याने ती उभ्या जागी डाव्या बाजूला आडवी झाली. बाहेरून केवळ ओरखडे दिसतात, परंतु पॅनेल उतरवल्यावर आतले नुकसान लक्षात आले. बोल्ट बसणारे दोन कान मुळापासून तुटले आहेत, तिसऱ्या कानाला छिद्रापासून कडेपर्यंत तडा गेला आहे, आणि हेडलाइट व मीटर पेलणाऱ्या लोखंडी स्टेच्या एका जोडाजवळ केसासारखी बारीक रेघ दिसते. या मॉडेलची नवी पॅनेल्स आता मिळत नाहीत आणि मूळ रंग मला जपायचा आहे. गॅरेजमध्ये झटपट चिकटणारा गोंद आणि पुट्टी यांचा सल्ला मिळाला. तो कितपत टिकेल, आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर (पुणे)

सुरुवात स्टेपासूनच करावी, आणि तो सरळ झाल्याची खात्री पटेपर्यंत प्लॅस्टिकला हात लावू नये. गाडी आडवी होते तेव्हा धक्का पॅनेलमार्गे स्टेवर जातो आणि तो काही मिलिमीटर तरी वाकतो. अशा वाकलेल्या स्टेवर दुरुस्त केलेले पॅनेल ओढूनताणून बसवले की प्रत्येक कानावर कायमचा ताण राहतो, आणि इंजिनाच्या कंपनांनी तोच कान पुन्हा त्याच जागी तुटतो. लोक दोष गोंदाला देतात, कारण मात्र मागच्या लोखंडात असते. स्टिअरिंगच्या मध्यापासून डाव्या व उजव्या छिद्रांपर्यंत दोरी ताणून दोन्ही अंतरे ताडून पाहावीत. पॅनेल हाताने धरले असता सगळी छिद्रे आपोआप समोरासमोर यायला हवीत.

त्यानंतर प्लॅस्टिक कोणते ते ओळखावे. पॅनेलच्या आतल्या बाजूला बहुधा दोन कोनी चिन्हांमध्ये 'एबीएस' किंवा 'पीपी' अशी अक्षरे उठवलेली असतात. ती नसल्यास आतल्या कडेचा छोटा तुकडा पाण्यात टाकावा. पीपीची घनता सुमारे ०.९ असल्याने तो तरंगतो, तर एबीएसची सुमारे १.०५ असल्याने तो बुडतो. पीपीमध्ये टाल्कसारखी भर घातलेली असेल तर ही परीक्षा फसू शकते, म्हणून अक्षरे सापडली तर त्यांवरच विश्वास ठेवावा.

एबीएस असेल तर अ‍ॅसिटोनमध्ये ते विरघळते, आणि याच गुणाचा आपल्याला उपयोग होतो. त्याच प्रकारच्या प्लॅस्टिकचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये ठेवून मधाइतका दाट लगदा करावा. तड्याच्या दोन्ही कडा कानशीने तिरप्या करून व्ही आकाराची खाच पाडावी, जवळपासचा रंग पूर्ण घासून काढावा, तडा जिथे संपतो तिथे साधारण २ मिमीचे छिद्र पाडावे म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि मग लगदा पातळ थरांनी भरावा. हा जोड चिकटवलेला नसून दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक एकमेकांत मिसळलेले असते. त्यामुळे तो गोंदापेक्षा कितीतरी भरवशाचा ठरतो. घाई मात्र करू नये. वरचा थर कोरडा वाटला तरी आत अ‍ॅसिटोन उरलेले असते, त्यामुळे जाड भरावाला काही दिवस द्यावेत. लगदा रंगवलेल्या बाजूवर ओघळू देऊ नये, कारण अ‍ॅसिटोन रंगही उचलते. त्याची वाफ चटकन पेट घेते, म्हणून काम मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावे.

झटपट गोंद तुकडे जागेवर धरून ठेवण्यापुरता ठीक आहे. तो सुकल्यावर ठिसूळ होतो, त्यामुळे सतत कंपन सोसणाऱ्या कानाची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये.

उत्तर (नाशिक)

स्टेबद्दल थोडी भर घालतो. तो गाडीवरून उतरवूनच वेल्डिंगला न्यावा. उतरवणे अशक्यच असेल तर बॅटरीच्या तारा सोडवाव्यात आणि इंजिनाच्या कंट्रोल युनिटचा जोडही काढून ठेवावा. नळी पातळ पत्र्याची असते आणि साध्या आर्क वेल्डिंगने ती जळून भोक पडते, म्हणून मिग किंवा टिग वेल्डिंग करणारा कारागीर शोधावा. आधी रंग खरवडून तड्याची खरी लांबी पाहावी, कारण डोळ्यांना दिसते त्यापेक्षा ती अनेकदा जास्त निघते. तडे शोधण्यासाठीच्या लाल डाय (रंगद्रव) आणि पांढरा डेव्हलपर यांच्या फवाऱ्यांनी ती स्पष्ट दिसते. केवळ रेघ भरून भागत नाही. कोपऱ्यात छोटी त्रिकोणी पट्टी जोडून घ्यावी, अन्यथा नवा तडा वेल्डिंगच्या अगदी शेजारी उगवतो.

उत्तर (ठाणे)

लगद्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. तड्यासाठी तो उत्तम आहे, पण मुळापासून तुटलेल्या कानाला मागून आधार दिल्याशिवाय मी तो रस्त्यावर नेणार नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा सोल्डरिंग आयर्नने प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवावा आणि त्यावर लगद्याचा थर द्यावा. लगदा लावण्यापूर्वीच गरम काम संपवावे, आणि धूर श्वासात जाऊ देऊ नये. पॅनेल पीपीचे असेल तर अ‍ॅसिटोनचा काहीही परिणाम होत नाही आणि इपॉक्सीही नीट धरत नाही. तिथे पीपीचीच कांडी वापरून गरम हवेने वेल्डिंग करावे लागते.

प्रश्नकर्ता (कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. बाजूच्या पॅनेलवर 'एबीएस' आणि खालच्या आतल्या पॅनेलवर 'पीपी' अशी अक्षरे सापडली. सुदैवाने तुटलेले तिन्ही कान एबीएसचे आहेत. एका कानाचा छिद्राभोवतालचा तुकडाच हरवला आहे. तिथे छिद्र नव्याने कसे घडवावे?

उत्तर (पुणे)

कानाच्या मागे मेणकागद लावलेली सपाट पट्टी चिमट्याने धरून सगळी जागा जाळीसह भरून काढावी, आणि पूर्ण कडक झाल्यावरच छिद्र पाडावे. छिद्राची जागा मापाने ठरवू नये. पॅनेल गाडीवर बसवून, बाकीचे बोल्ट सैल लावून, स्टेच्या छिद्रातूनच खूण करावी. लहान ड्रिलने सुरुवात करून कानशीने हळूहळू मोठे करावे, कारण मोठे ड्रिल एकदम लावले की ते प्लॅस्टिकला धरून कान फाडते.

छिद्र रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेला बसणारी रबरी कडी) बसेल एवढे मोठे हवे आणि ग्रोमेटच्या आत लोखंडी कॉलर, म्हणजे छोटी नळी, हवी. ती कॉलर बोल्टचा सगळा दाब स्वतःवर घेते, त्यामुळे प्लॅस्टिक चेपले जात नाही. जुन्या गाड्यांत या कॉलरच हरवलेल्या असतात. मूळ भाग न मिळाल्यास लेथवाल्याकडून करून घ्याव्यात. ग्रोमेट पुण्याच्या नाना पेठेत मापावर मिळतील. सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत आणि मगच आळीपाळीने आवळावेत. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लावतात तो थ्रेडलॉकचा द्रव येथे वापरू नये, कारण तो एबीएसवर ओघळला की ताणाखालचे प्लॅस्टिक तडकते. शेवटी हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून केबल किंवा वायर कुठे दाबली जात नाही ना, हे पाहावे.