सल्ला हवा: नदीला त्रास न होणारं गळाचं साहित्य (बजेट ८०० रु.)

नदीकाठचा_७१: भिलवडीत कृष्णाकाठी राहतो. पुतण्याला गळ टाकायला शिकवायचंय. मागच्या आठवड्यात घाटाखाली पाणकावळा तंगुसात (गळाच्या नायलॉन दोऱ्यात) गुरफटून मेलेला दिसला, पोरगं रडलं. पाण्यात तंगूस, दोरीला वजन म्हणून लावलेलं शिसं मागं राहणार नाही असं काय घ्यावं?

वारणेचा_गडी: ८०० मध्ये काय येत नाही. माझी फायबरची काठी आणि रीळ साडेचार हजारांचं. चार वर्षांत तंगूस एकदाही तुटला नाही. एकदाच चांगलं घ्या.

कराडची_माई: ८०० लिहिलंय हो त्यांनी. आमच्या ह्यांचं महागाचं रीळ कोयनेच्या खडकात पहिल्याच दिवशी अडकलं. तुटलेला तंगूस डब्यात घालून घरी आणायचा, बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाकायचा. शिशाऐवजी भोकाचा खडा बांधा. शिशाचे मणी पाणपक्षी गिळतात आणि विषबाधेनं मरतात.

मृगाचा_पाऊस: साहित्याचं नंतर बघा. पहिल्या पावसात जाऊच नका. तेव्हा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे चढणीचे मासे गाभोळीनं (अंड्यांनी) भरलेले असतात. लहानपणी आमच्या ओढ्यात आम्ही पाट्या भरभरून धरले, आता तिथं मासा दिसत नाही. त्यात माझाही हात आहे.

ऊसवाला_वाळवा: आधी जिलेटिनचे बार उडवून मासे मारणाऱ्यांना धरा! १८९७ च्या मासेमारी कायद्यापासून बंदी आहे, तरी बार उडतात. आणि आमच्या उसात रानडुकरं घुसतात, त्यांचं काय करायचं?

कराडची_माई: १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. फास लावू नका, त्यात बाकीची जनावरंही अडकतात. वन विभागाकडे अर्ज करा.

वारणेचा_गडी: मी तर लागलेला प्रत्येक मासा परत सोडतो.

मृगाचा_पाऊस: चिलापी सोडू नका, ती आफ्रिकेतली, आपल्या माशांची जागा खाते. मरळ मात्र सोडा. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला की खाली आई-बाप राखणीला असतात. तेव्हा मोठी मरळ काढली तर पिल्लं वाऱ्यावर. आणि सोडायचा मासा ओल्या हातानंच धरा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर जातो.

वारणेचा_गडी: चिलापी पण जीवच आहे की.

औदुंबरचा_भाऊ: भिलवडीच्या पात्रात मगरी आहेत. पोराला काठावर उकिडवं बसवू नका. काठी लांब घ्या आणि तंगूस घरी आणा.

नदीकाठचा_७१: सगळ्यांचे आभार. रीळ, तंगूस काही घेत नाही. वडिलांची वेळूची काठी माळ्यावर आहे, तिला सुताची दोरी लावतो. राहिलीच पाण्यात तर कुजेल.

वारणेचा_गडी: मोठा मासा लागला की सूत तुटणार. मग गळ माशाच्या तोंडातच.

नदीकाठचा_७१: म्हणून गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केलाय. मासा झटकला की सुटतो. काल बादलीत बटाट्यावर करून बघितलं, अलगद निघाला. औदुंबरचे भाऊ म्हणतात ते पटलं, नदीवर नको, मामाच्या शेततळ्यावर बसू. तेही गणपती झाल्यावर.