मदत हवी आहे: माकिवाऱ्यासाठी लाकूड कोणते आणि जांभ्यात तो रोवायचा कसा?

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ कराटेच्या वर्गासाठी अंगणात माकिवारा, म्हणजे ठोशांच्या सरावासाठी जमिनीत रोवलेली लवचीक फळी, उभारायचा आहे. पंचिंग बॅग आहेच, पण हातात ग्लोव्हज असले की वाकलेले मनगट झाकले जाते. फळी ते लगेच दाखवते: मूठ तिरकी पडली की तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींऐवजी करंगळीकडच्या गाठींवर मार बसतो. दम आणि पायांची हालचाल बॅगेवर, ठोशाचे शेवटचे दोन इंच फळीवर, अशी विभागणी ठरवली आहे.

फळी ७ फूट लांब, ४ इंच रुंद. बुडाशी ३ इंच जाड, वर निमुळती होत अर्धा इंच. अडीच फूट जमिनीत. निमुळतेपणा चुकला तर फळी लवत नाही आणि सगळा धक्का मनगट-कोपरात परत येतो. म्हणून लाकडाचीच जास्त काळजी वाटते. मत्ती (ऐन) जड नि ताठ. साग अर्ध्या इंचावर तंतूंच्या रेषेत चिरेल का?

दुसरे, खाली जांभा आहे. काँक्रीट ओतले तर पावसाळ्यात फळीभोवती पाणी अडून बुडखा कुजतो. खडीवर बसवून दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या तर पकड टिकेल का? वाळवीसाठी काजूच्या टरफलांचे तेल पुरलेल्या भागालाच देणार, कारण ते कातडी भाजते.

ठोसा बसतो तिथे गुंडाळायच्या भाताच्या पेंढ्याच्या दोरीला जूनमध्येच बुरशी येईल. सुंभ गुंडाळून वर चामडे लावलेले कुणी वापरले आहे का?

१३-१४ वर्षांच्या मुलांची हाडे वाढती, त्यांना फळी देणार नाही. मोठ्यांना सुरुवातीला प्रत्येक हाताने किती ठोसे द्यावेत?