मदत हवी आहे: हिपोनियोनच्या सुवर्णपत्र्यात पाताळाचा राजा की राणी?

दक्षिण इटलीतल्या हिपोनियोनला (आजचे विबो वालेंतिया) एका स्त्रीच्या थडग्यात मिळालेला सोन्याचा पत्रा, इ.स.पू. 400च्या सुमाराचा, 16 ओळींचा. त्यावर परलोकाच्या वाटेवरच्या सूचना ग्रीकमध्ये कोरल्या आहेत. मृतात्म्याने पांढऱ्या सुरूजवळचा झरा टाळायचा आणि पुढे स्मृतीच्या तळ्याशी राखणदारांकडे पाणी मागायचे. इथवर भाषांतर सरळ होते. (झरा इथे उजवीकडे, पेतेलिया या दुसऱ्या गावच्या अशाच पत्र्यात डावीकडे, ते जुळवून घेऊ नये.)

अडते 13व्या ओळीत. राखणदार पाताळातल्या कुणाला तरी कळवतात, आणि कोरलेले आहे 'बासिलेइ', म्हणजे राजा. काही संपादक शेवट वाढवून 'बासिलेइआइ', म्हणजे राणी वाचतात. वृत्त दोन्हींत बसते, त्यामुळे तो निकष बाद! कोरणाऱ्याच्या चुका इतरत्रही आहेत, तेव्हा अक्षरे गळणे सहज शक्य आहे. शिवाय ग्रीसमधल्या पेलिन्नाच्या, आयव्ही वेलीच्या पानाच्या आकाराच्या पत्र्यांत (सापडले 1985) बाकखोसनेच (देव दायोनिससनेच) आपल्याला मुक्त केले, हे मृताने पाताळाची राणी पर्सेफोनी हिलाच सांगायचे असते. दक्षिण इटलीतल्याच थुरीच्या पत्र्यांतही याचना तिच्याकडेच. पण दुसऱ्या गावच्या पत्र्यावरून इथला पाठ बदलणे पटत नाही.

मूळ ग्रीक वाचणाऱ्यांनी सांगावे: मजकुरात 'राजा' ठेवून टीपेत राणी द्यावी, की उलट? राणीच्या बाजूने याच पत्र्यातला काही पुरावा आहे का?