फील्ड मार्शल हेग यांचा मुलगा चित्रकार होता का?

रानवाट_सातारा:
पहिल्या महायुद्धावर वाचन चालू आहे. सॉमच्या लढाईत पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ ला, ब्रिटिश सैन्यातले १९,२४० जण ठार झाले. तिथले सरसेनापती डग्लस हेग. त्यांच्याबद्दल वाचताना एका ओळीत आलं की मुलगा चित्रकार होता, आणि मी तिथेच अडकले.

माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गावात मी आजही 'सुभेदारांची पोर' आहे आणि ते ऐकायला मला आवडतं. पण ज्या बापाला काही लोक युद्ध जिंकून देणारा म्हणतात आणि काही जण कसाई, त्याच्या मुलाने ते नाव कसं वागवलं असेल? कुणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा.

मीना_एडिंबरा:
हो, चित्रकारच, आणि हौशी नव्हे. जॉर्ज हेग, दुसरे अर्ल (अर्ल म्हणजे ब्रिटिश उमरावाची पदवी). सगळे 'डॉइक' म्हणत. जन्म १५ मार्च १९१८ चा. त्यानंतर सहाच दिवसांनी पश्चिम आघाडीवर जर्मनांचा मोठा हल्ला सुरू झाला. जानेवारी १९२८ मध्ये वडील गेले तेव्हा पोरगं नऊ वर्षांचं होतं. त्या वयात अर्ल ही पदवी आली आणि स्कॉटलंडमधल्या ट्वीड नदीकाठचं बेमरसाइडचं घरही आलं. हे घर लोकांनी वर्गणी काढून त्यांच्या वडिलांना दिलं होतं. हेग घराणं तिथे कित्येक शतकांचं. 'काहीही होवो, बेमरसाइडला हेगच राहणार' अशा अर्थाची जुनी भविष्यवाणी त्या भागात अजून सांगतात.

दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल स्कॉट्स ग्रेज या रेजिमेंटमध्ये होते. १९४२ मध्ये आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले, आधी इटलीत आणि नंतर जर्मनीतल्या कोल्डिट्झ किल्ल्यात कैदेत राहिले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. कोल्डिट्झमध्ये जर्मनांनी काही कैदी वेगळे काढून ठेवले होते: चर्चिल यांच्या पत्नीचा भाचा, राजाचा भाचा, राणीचा भाचा, आणि हे, फील्ड मार्शलचा मुलगा. वेळ पडली तर ओलीस म्हणून वापरायचे. बाकीच्या कैद्यांना निदान पळून जायची स्वप्नं बघता येत होती, यांच्यावर मात्र खास पहारा. सतरा वर्षांपूर्वी वारलेल्या बापाच्या नावामुळे.

आणि त्याच कैदेत त्यांनी चित्रकला मनावर घेतली. बरोबरच्या कैद्यांचे चेहरे काढले. सुटून आल्यावर इस्टेट सांभाळून गप्प बसता आलं असतं, पण ते लंडनच्या कॅम्बरवेल कला विद्यालयात विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. मग आयुष्यभर ट्वीडचं खोरं, टेकड्या, व्हेनिस रंगवत राहिले. निसर्गचित्रंच जास्त. मला ती चित्रं शांत वाटतात.

वडिलांना त्यांनी कधी नाकारलं नाही. 'कसाई' हा शब्द त्यांना लागायचा आणि ते उलट बोलायचे. ८२ व्या वर्षी आठवणी छापल्या, तर पुस्तकाचं नाव ठेवलं 'माय फादर्स सन'. सॉमबद्दल माझं मत वेगळं आहे, ते बदललेलं नाही. पण मुलाने बापाची बाजू घेतली म्हणून मी त्याला दोष देणार नाही.

मागच्या मे महिन्यात ड्रायबरा मठात गेले होते, बेमरसाइडपासून जवळच. लेखक वॉल्टर स्कॉट यांची कबर म्हणजे ग्रॅनाइटची भलीमोठी पेटी. त्याच पडक्या भिंतींत फील्ड मार्शल हेग यांच्या कबरीचा दगड आहे, फ्रान्समध्ये साध्या शिपायाच्या कबरीवर उभा असतो तसाच, तेवढाच. मी मनात राग धरून गेले होते. त्या दगडापाशी बराच वेळ उभी राहिले.

गिरगावचा_बाबा:
मीनाताई, छान लिहिलंत. एक मुंबईची भर घालतो. एडिंबरा किल्ल्यावरचा हेग यांचा घोड्यावरचा पुतळा आपल्या मुंबईच्या सर धनजीभॉय बमनजी यांनी त्या शहराला भेट दिलेला आहे, १९२३ साली. म्हणजे वडील हयात असताना, मुलगा पाच वर्षांचा असताना. आपल्याच वडिलांच्या पुतळ्याखालून जाणारं मूल डोळ्यांपुढे आलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

रानवाट_सातारा:
दोघांचे मनापासून आभार. ओलीस ठेवल्याचं वाचून पोटात कालवलं. ताई, नोव्हेंबरात तिकडे लोक युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी छातीवर पॉपीचं लाल फूल लावतात, त्याचा हेग यांच्याशी संबंध आहे ना?

मीना_एडिंबरा:
आहे तर! माजी सैनिकांसाठीचा निधी त्यांच्याच नावाने होता. १९९४ पर्यंत फुलाच्या मधल्या काळ्या ठिपक्यावर 'हेग फंड' अशी अक्षरं असायची. आणि इथला, एडिंबरातला, ही फुलं बनवायचा कारखाना १९२६ मध्ये डॉइक यांच्या आईने, लेडी हेग यांनी सुरू केला. जखमी सैनिकांना काम मिळावं म्हणून. इथल्या फुलाला चार पाकळ्या, पान नाही. इंग्लंडचं वेगळं दिसतं.

नोव्हेंबरात एक तुझ्यासाठी घेते, एक सुभेदारांसाठी. पत्ता खासगी निरोपात पाठव. कागदाचंच असतं, साध्या पाकिटात मावतं.