मदत हवी आहे: ॲपलचा जुना १३ इंची मॉनिटर लिनक्स पीसीला जोडताना चित्राचा माथा वाकतो

मॉनिटर १९८७ सालचा ॲपलकलर हाय-रेझोल्यूशन आरजीबी, ट्रिनिट्रॉन (सोनीची पिक्चर ट्यूब) ट्यूबचा. ठरावीक फ्रिक्वेन्सीवरच चालतो: ६४० × ४८०, ६६.७ हर्ट्झ (सेकंदाला एवढी चित्रे), आडवी ३५ किलोहर्ट्झ (सेकंदाला ३५ हजार ओळी). नेहमीचा ६० हर्ट्झ व्हीजीए ३१.५ किलोहर्ट्झचा असतो, त्यामुळे नुसती पिन-बदल केबल लावली तर तिरप्या पट्ट्याच दिसतात.

जोडणी अशी: पीसी, मग एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर, मग घरी बनवलेली केबल. लाल, हिरवा, निळा व्हीजीएच्या पिन १, २, ३ वरून मॅक कनेक्टरच्या पिन २, ५, ९ वर. मॉनिटर ईडीआयडी (स्वतःला चालणाऱ्या मोडची माहिती) देत नाही, म्हणून एक्सरँडरमध्ये (लिनक्सची डिस्प्ले-सेटिंग कमांड) मोडलाइन, म्हणजे चित्राच्या वेळांचे आकडे, हाताने घातली आहे: क्लॉक ३०.२४ मेगाहर्ट्झ, आडवे ६४० ७०४ ७६८ ८६४, उभे ४८० ४८३ ४८६ ५२५, दोन्ही सिंक (ओळ आणि चित्र कुठे सुरू होते ते सांगणारे पल्स) निगेटिव्ह.

एच (आडवा) आणि व्ही (उभा) सिंक ७४एचसीटी०८ या लॉजिक चिपच्या एका अँड गेटमधून एकत्र करून मॅक कनेक्टरच्या पिन ३ वर दिले आहेत. चित्र स्थिर आहे, रंगही सुंदर, पण वरच्या काही ओळी एका बाजूला झुकतात. माझा अंदाज: व्ही सिंकच्या ३ ओळींत एच पल्स गायब होतात आणि मॉनिटरमधला ओळींची वेळ राखणारा आडवा ऑसिलेटर भरकटतो.

त्याऐवजी ७४एचसीटी८६ या चिपचे दोन गेट (एक्सॉर, मग उलटवणे) वापरले तर पल्स टिकतील, पण त्या ३ ओळींत पडती कड २.१ मायक्रोसेकंद उशिरा येईल. एवढा फरक हा मॉनिटर पचवतो का? की सिंक हिरव्या रंगाच्या सिग्नलवरच चढवणे बरे? ज्यांनी हा मॉनिटर प्रत्यक्ष चालवला आहे त्यांनी कृपया सांगावे.