साक्सायवामानचा सांधा: लोखंड नसताना दगड एवढा घट्ट बसवला कसा?

गडग्याचा माणूस (राजापूर तालुका)

नमस्कार मंडळी. मी गवंडी. वडील चिरेखाणीवर होते, मी सोळाव्या वर्षापासून बांधकामावर आहे. चौथरे, विहिरी, देवळांची जोती, आणि बागांचे गडगे, म्हणजे सुटे दगड रचून केलेली कुंपणं, तर किती घातले त्याचा हिशोब नाही.

गणपतीत भाचा घरी आला होता. त्याने मोबाईलवर पेरू देशातल्या कुस्को शहराजवळची साक्सायवामानची भिंत दाखवली. व्हिडिओतला माणूस ठासून सांगत होता की हे माणसाच्या हातचं काम नव्हेच, वरून कोणीतरी आलं आणि करून गेलं. भाच्याला ते पटलंही होतं. मला वाईट वाटलं. ज्याने उन्हात बसून तो दगड घडवला, त्याच्या हातातून त्याचं काम काढून घेतल्यासारखं वाटलं.

मी ते चित्र थांबवून मोठं करून बघितलं. माणसाहून दुप्पट उंच दगड. तोंडं उशीसारखी फुगीर आणि सांध्यापाशी आत वळलेली, त्यामुळे सांध्यावर बारीक सावली पडते. एकाही दगडाचं माप दुसऱ्याशी जुळत नाही. एका दगडाचा कोपरा शेजारच्यात असा शिरलाय, जसा गुडघा दुमडून मांडीला टेकतो. चुना नाही, माती नाही, आणि मधे एक चीपसुद्धा मारलेली नाही.

आमच्याकडे गडगा घालताना दगड हातात फिरवून फिरवून जागा बघतात. नाही बसला तर चीप मारायची. चिऱ्याचं काम त्याहून सोपं, सगळे एका मापाचे, थरावर थर, फक्त सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. शिवाय चिऱ्याचा दगड, जांभा, खाणीतून ताजा निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागल्यावर कडक होतो. त्यांचा दगड पहिल्यापासूनच कडक.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. लोखंड नव्हतं म्हणतात, मग घडाई कशाने केली? आणि दर दगड वेगळा ठेवून एवढा त्रास का घेतला? कोणी वाचलं असेल तर गवंड्याला कळेल असं सांगा.

---

ओळंबा (रत्नागिरी)

काका, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालोय आणि ही भिंत बांधणाऱ्या इंका लोकांच्या (स्पॅनिश येण्याआधी तिथे यांचंच राज्य होतं) दगडकामाबद्दल मिळेल ते वाचत असतो.

लोखंड नव्हतं हे खरं. कांसं होतं, त्याच्या पहारी होत्या, पण कांशाची टाकी अशा दगडावर टिकत नाही. घडाई केली ती दगडानेच. नदीतले गोल, घट्ट गोटे हातोडा म्हणून वापरले. जाँ-पिएर प्रोत्झेन नावाचे वास्तुविशारद 1980 च्या दशकात तिथल्या जुन्या खाणींमध्ये जाऊन राहिले. खाणीत असे गोटे पडलेले त्यांना सापडले, आणि ते परक्या जातीचे होते, म्हणजे कोणीतरी मुद्दाम नदीवरून उचलून आणलेले. मग त्यांनी स्वतः एक अँडेसाइटचा (ज्वालामुखीचा कठीण खडक) दगड घडवून पाहिला. चार किलोचा गोटा दोन्ही हातांत सैल धरायचा आणि पडू द्यायचा, तो आपल्या वजनाने काम करतो. आदळताना मनगट जरासं वळवलं की जास्त कपची निघते. कडा करायला पाव-अर्धा किलोचे छोटे गोटे. तीन बाजू घडवायला त्यांना दीड तास लागला.

आता तुमच्या चित्रात पुन्हा बघा. दगडाच्या पोटावर ठेचल्याचे मोठे खळगे असतात आणि कडेकडे जाताना ते बारीक होत जातात. मोठा गोटा पोटाला, छोटा कडेला. हत्याराची सही दगडावरच आहे.

सांध्याचं असं. खालच्या थराचा माथा सपाट करत बसायचं नाही. वरचा दगड खालून जसा असेल, तसाच खळगा खालच्यात घडवायचा. वरचा ठेवून बघायचा, उचलायचा. जिथे टेकला तिथली भुकटी दबलेली दिसते, तेवढंच ठेचायचं, पुन्हा ठेवायचा.

माणसं किती लागली म्हणाल, तर सिएसा दे लेओन हा स्पॅनिश लेखक सोळाव्या शतकात तिथे फिरला, त्याने लिहून ठेवलंय: वीस हजार माणसं, त्यांतली चार हजार दगड काढणारी, सहा हजार चामड्याच्या आणि वाखाच्या जाड दोरांनी ओढणारी. ती पाळीने येत. त्यांच्या भाषेत या पद्धतीला ‘मिता’ म्हणत, त्या शब्दाचा अर्थच पाळी. पहिले स्पॅनिश लोक कुस्कोत आले 1533 मध्ये, तेव्हा ही भिंत जुनी दंतकथा नव्हती, आदल्या दोन-तीन पिढ्यांचं काम होतं. नंतर त्याच स्पॅनिशांनी तिचे उचलण्याजोगे दगड नेऊन शहरात घरं बांधली. म्हणून आज उरलेत ते बहुतेक न हलणारेच.

वेगवेगळ्या आकारांबद्दल: जो दगड जसा निघाला तसा वापरला तर कमी तासावा लागतो, कमी वाया जातो. आणि एकसंध आडवी रेघ नसल्यामुळे भूकंपात सरकायला वाट मिळत नाही.

---

गडग्याचा माणूस

साहेब, तुम्ही ‘भुकटी दबते’ म्हणालात आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सुतार दार बसवताना खडू लावून बघतो तेच हे.

भूकंपाचं विचारणारच होतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा वडील तरणे होते. ते सांगायचे, कौलं खळखळली, घराच्या भिंतीला तडा गेला, पण आवाठातला (वाडीतला) जुना गडगा तसाच उभा. चुन्याने बांधलेलं फाटलं, सुटं रचलेलं हललं आणि परत बसलं. तिथेही असंच झालंय का?

आणि अजून एक, पावसाचं. तीन वर्षांपूर्वी मी एका बागेला उतारावर नऊ फुटी बांध घातला. मालकाला घाई होती, मलाही. मागे नुसती माती भरली, पाणी निघायला भोकं ठेवली नाहीत. आषाढात एका रात्री मधला वीस फूट भाग पोट फुगून खाली आला, चार कलमं गाडली गेली. मी पदरचे पैसे घालून परत बांधला. तेव्हापासून कुठलाही बांध बघितला की मी आधी भोकं शोधतो. त्याच देशातल्या, डोंगरावरच्या माचू पिचू या जुन्या इंका गावाच्या फोटोत शेकडो बांध दिसतात. तिथे पाऊस नाही का?

---

ओळंबा

भूकंपाचं तसंच झालंय. कुस्कोत इंकांचं सूर्यमंदिर होतं, कोरिकांचा. स्पॅनिशांनी त्याच्या भिंतींवर आपला मठ उभा केला. 1950 च्या मे महिन्यातल्या भूकंपात मठाचा मोठा भाग कोसळला आणि आतल्या इंका भिंती जागच्या जागी उघड्या पडल्या. त्या भिंती वर जाताना आत कललेल्या असतात, दारं-कोनाडे खाली रुंद, वर अरुंद. तुम्ही गडग्याला ढाळ देता तोच विचार.

आणि माचू पिचूला पाऊस आहे, वर्षाला सुमारे 2000 मिलिमीटर. आपल्यापेक्षा कमी, पण उभ्या डोंगराला तेवढा पुरे. केनेथ राइट नावाच्या जलअभियंत्याने तिथल्या पाण्याच्या वाटा मोजल्या, तेव्हा भिंतींत ठेवलेली सव्वाशेच्या वर भोकं सापडली. बांधामागे खाली मोठे धोंडे, त्यावर खडी-वाळू, आणि सगळ्यात वर शेतीची माती. गावाचं निम्म्याहून जास्त बांधकाम जमिनीखाली आहे असा त्याचा अंदाज. पंधराव्या शतकातलं काम, सोळाव्यात गाव ओस पडलं, 1911 मध्ये हायरम बिंगहॅम तिथे पोचला (त्याला वाट दाखवली ती तिथल्याच शेतकऱ्याने, आणि दोन-तीन कुटुंबं त्याच बांधांवर मका लावत होती). मधली साडेतीनशे-चारशे वर्षं डागडुजी नाही, तरी बांध उभे.

---

सड्यावरची

मी शाळेत शिकवते, बारसूपासून जवळच राहते. दादा, तुमच्या भाच्याला एकदा आमच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) घेऊन या. आमची मुलंही तेच व्हिडिओ बघतात आणि विचारतात, बाई, नाझ्काच्या रेषा (पेरूतलीच, जमिनीवर काढलेली अवाढव्य चित्रं) विमानाशिवाय कशा काढल्या?

नाझ्काचं पठार पेरूची राजधानी लिमाच्या दक्षिणेला, सुमारे 400 किलोमीटरवर. वर गंजल्यासारखे तांबूस खडे पसरलेले, खाली फिकट माती. वरचे खडे बाजूला सारले की पांढुरकी रेघ उमटते, बस. खोली जेमतेम वीतभर. पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून दीड-दोन हजार वर्षं रेघ पुसली गेली नाही. तिथलं हमिंगबर्ड या इवल्या पक्ष्याचं चित्र 90 मीटरहून लांब आहे. 1927 मध्ये पेरूचे पुरातत्त्वज्ञ तोरिबिओ मेहिआ हेस्पे पायी फिरताना त्यांना या रेषा दिसल्या, आजूबाजूच्या टेकड्यांवरूनही बऱ्याच दिसतात. मारिया राइश या जर्मन बाईंनी तर पुढे आख्खं आयुष्य तिथे घातलं, झाडू घेऊन रेषा साफ करायच्या. आणि 1982 मध्ये जो निकेल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने घरच्या पाच जणांना घेऊन, लाकडी खुंट्या आणि दोरी एवढ्यावर, तिथल्या 134 मीटरच्या गिधाडाची नक्कल शेतात काढली. दीड दिवस लागला.

मी मुलांना शाळेच्या मैदानात हेच करायला लावलं. वहीवर मासा काढला, मधे खुंटी, एक वीत म्हणजे पाच पावलं. चुन्याची फक्की घेऊन तासाभरात तीस पावलांचा बांगडा तयार. एक मुलगी शेपटीजवळ उभी राहून म्हणाली, बाई, इथून काहीच दिसत नाही पण मला माहितेय हा बांगडा आहे. मला त्या वाक्याने नाझ्का कळलं.

आपल्या कोकणातल्या सड्यांवरच्या कातळशिल्पांचं तर अजून अवघड. त्यांनी खडे सारले, आपल्या लोकांनी कातळ कोरला. कशेळी गावचा कातळात कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटरचा आहे आणि त्याच्या पोटात दुसरी कितीतरी चित्रं, मासे, प्राणी. कित्येक पिढ्या माणसं आणि गुरं त्यावरून चालत होती. 2022 मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. नाझ्का 1994 पासून मुख्य यादीत आहे, तरी पॅन-अमेरिकन महामार्गाने तिथलं सरड्याचं चित्र मधोमध कापलंय, रस्ता केला तेव्हा कोणाच्या लक्षातच आलं नाही. सड्यावर जेसीबी दिसला की माझ्या पोटात खड्डा पडतो तो यामुळे. चिरेखाणवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे: माती खरवडल्यावर रेघ दिसली तर एक दिवस थांबा, कोणाला तरी बोलवा.

---

हर्णै बंदर

मी बोटीवरचा माणूस, दगडातलं मला कळत नाही. पण याच पेरूत कराल म्हणून गाव आहे, इसवी सनापूर्वी 2600 च्या सुमारचं. रुथ शेडी या बाईंनी ते खणून काढलं. समुद्रापासून वीसेक किलोमीटर आत, सुपे नदीच्या खोऱ्यात. तिथे ढिगाने सापडली ती मासळीची हाडं, अँचोवी आणि सार्डिन, म्हणजे आपली मांदेळी-तारली म्हणा. आतले लोक कापूस पिकवत, किनाऱ्यावरचे त्याची जाळी विणत आणि सुकी मासळी आत पाठवत. आमची आजी डोकीवर सुकटाची पाटी घेऊन घाटाखालच्या गावांत जायची आणि बदल्यात तांदूळ आणायची, तेच की हे.

गडगेवाल्या दादांना आवडेल असं एक: त्यांचे चौथरे भरायला लव्हाळ्याच्या जाळीदार पिशव्या विणत, त्यात धोंडे भरत आणि पिशवीसकट रचत. शिक्रा म्हणतात. हादरा बसला तर धोंडे पिशवीतल्या पिशवीत हलतात, भिंतीला ढकलत नाहीत. आणि त्या लव्हाळ्याची तपासणी करूनच गावाचं वय कळलं.

---

गडग्याचा माणूस

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंचं म्हणणं माझ्या ओळखीच्या तीन खाणींवर मी स्वतः जाऊन सांगून आलो.

काल दसऱ्याची सुट्टी होती, भाचा आला होता. अर्जुना नदीवरून आम्ही सात गोटे आणले. चार किलोचा एक, दोन मधले, चार मुठीएवढे. काळ्या दगडाचा एक ओबडधोबड तुकडा खळ्यात मांडला. पहिली दहा मिनिटं मी टाकीच्या सवयीने जोर लावत होतो, गोटा हातात झिणझिणत होता आणि दगडाला काही होत नव्हतं. मग साहेबांनी लिहिलंय तसा सैल धरला, पडू दिला, मनगट वळवलं. पिठासारखी भुकटी निघायला लागली. कपची नाही, पीठ. तासाभरात एक बाजू अशी झाली की तळहात फिरवला तर अडकत नाही. कडेला मोठा गोटा मारला तर कड उडाली, छोट्याने हळू टोचली तर राहिली, पण धार येत नाही, गोलवाच येतो. तेव्हा मला ती उशीसारखी तोंडं आणि सांध्यावरची सावली समजली. शोभेसाठी काढलेली नसावीत असं माझं मत झालं. गोट्याने कड जपून काम केलं की दगड आपोआप तसाच होतो.

भाच्याने अर्धा तास गोटा धरला. हाताला फोड आले तरी सोडला नाही. व्हिडिओचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. खळगे मोजत बसला होता, मोठे मधे, बारीक कडेला.

दुसरा दगड बघून ठेवलाय, यावर बसवायचा. खाली विटकरीची भुकटी पसरून टेकतंय कुठे ते बघणार. उचलायला चार माणसं लागतील, वाडीतल्या पोरांना रविवारी पाळीने यायला सांगितलंय.